फोटोतला तीळ काढायचा का?

बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ सालचा, सर व्हिक्टर ससून यांनी सुरू केलेला. त्या जमान्यात रिटचिंग पेन्सिलीने व्हायचं. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक रेघ म्हणून उमटते. तिच्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की प्रिंटमध्ये ती फिकी पडते. काम डोळेफोडीचं, त्यामुळे हात आपसूक आवरता राहायचा. फोटोशॉपमध्ये अख्खा चेहरा क्षणात गुळगुळीत होतो. त्वचेची छिद्रं गेली की माणूस मेणाचा दिसतो.

पंधरवड्यात आपोआप जाईल ते खुशाल काढावं: मुरूम, दाढी करताना कापलेलं. तीळ, जुना व्रण मात्र विचारल्याशिवाय नाही. डोळ्यांखालची वर्तुळं पुसू नयेत, निम्मी करावीत. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करून ओपॅसिटी उतरवली की जमतं.

स्थळांसाठी फोटो काढायला दादरच्या स्टुडिओत गेलेल्या मुलीच्या घरची मंडळी हमखास म्हणतात, "जरा उजळ करा हो." प्रकाश सुधारावा, वर्ण बदलू नये. कांदेपोह्यांच्या वेळी मुलगी समोर बसणारच असते! पासपोर्टच्या फोटोला तर हातच लावायचा नाही. सॉफ्टवेअरने चेहरा बदललेला फोटो तिथे चालत नाही.