संकटाला आवतण

‘संकट कधी सांगून येत नाही’ हे आपण आजीच्या तोंडून ऐकत मोठ्या झालो. पण मुलांच्या एका खेळात संकट सांगून येतं. इतकंच नाही, तर आपणच त्याला आवतण द्यायचं आणि ते आवतणसुद्धा स्वतःच्या हातानं तयार करायचं! या खेळाचं नाव टेरारिया. ज्यांच्या घरी शाळकरी मुलं आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावरून ते एव्हाना गेलं असेल. अमेरिकेतल्या री-लॉजिक या कंपनीनं २०११च्या मे महिन्यात तो कॉम्प्युटरवर आणला, २०१३पासून तो मोबाइलवरही आला, आणि २०२२पर्यंत त्याच्या ४ कोटी ४५ लाख प्रती विकल्या गेल्या.

मी कला शाखेची पदवीधर, कॉम्प्युटरशी संबंध बचत गटाच्या हिशेबापुरता. पण दर गुरुवारी आमच्या घरी गटाच्या वह्या घेऊन बायका बसतात. त्यातल्या एकीचा मुलगा आठवीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. आईबरोबर येतो आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तासभर हा खेळ खेळतो. मी शेजारी बसून गवारीच्या शेंगा मोडत विचारत गेले, तो सांगत गेला.

खेळाची सुरुवात अगदी साधी. एका मोकळ्या जगात आपलं माणूस उभं असतं. हातात कुऱ्हाड, कुदळ आणि एक लहानशी तलवार. झाडं तोडायची, माती खणायची, रात्र व्हायच्या आत घर बांधायचं. पुढे काय करायचं याची सक्ती नाही. खेळातला दिवस १५ मिनिटांचा आणि रात्र ९ मिनिटांची. अंधार पडला की आभाळात मोठाले डोळे तरंगत येतात आणि अंगावर धावतात. त्यांना मारलं की कधी कधी एक लेन्स खाली पडते. ‘कधी कधी’ म्हणजे सरासरी तीन डोळ्यांमागे एक. अशा सहा लेन्स जमवायच्या. म्हणजे अठराएक डोळे मारायची तयारी हवी. नशीब चांगलं असेल तर एका रात्रीत काम होतं, नाहीतर तीन-चार रात्री जातात.

या लेन्सचं करायचं काय, हे खेळात राहणारा एक वाटाड्या सांगतो. मुलं त्याला ‘गाईड’च म्हणतात. कुठलीही वस्तू त्याच्यापुढे धरली की तिच्यापासून काय काय बनतं ते तो दाखवतो. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही नव्या सुनेला पहिल्या उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं गणित सांगणारी एखादी काकू असतेच की!

सहा लेन्सपासून एक ‘संशयास्पद दिसणारा डोळा’ बनतो. पण तो घरातल्या टेबलावर बनत नाही. त्यासाठी एका वेदीपाशी जावं लागतं. ही वेदी आपल्याला बांधता येत नाही. जमिनीच्या पोटात, बहुधा जगाच्या सडलेल्या भागात, ती आधीपासून असते आणि आपण ती शोधत खाली उतरायचं. बरं, तिला उचलून घरीही आणता येत नाही. साध्या हातोड्यानं फोडायला गेलं तर वेदीला काही होत नाही, आपलाच अर्धा जीव जातो. तिच्याजवळ उभं राहायचं, सहा लेन्स द्यायच्या आणि तो डोळा हातात घेऊन मुकाट्यानं परत यायचं.

हा डोळा म्हणजे आवतण. रात्री तो वापरला की ‘आय ऑफ क्थुलू’ नावाचा अवाढव्य डोळा आपल्यावर चालून येतो. मुलांच्या भाषेत हा ‘बॉस’. क्थुलू हे नाव लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या १९२८ साली छापलेल्या भयकथेतलं. आपलं माणूस सुरुवातीला १०० जिवाचं असतं आणि या डोळ्याचा जीव २८००! आवतण दिवसा चालत नाही. रात्री दिलं आणि उजाडेपर्यंत तो मेला नाही, तर तो निघून जातो. आपला डोळाही खर्ची पडतो. मग पुन्हा सहा लेन्स.

आमच्या या मुलानं डोळा बनवला आणि घरातल्या पेटीत ठेवून दिला. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. मी विचारलं, “काय रे, बोलावलं का त्याला?” तर म्हणे, “थांबा ना काकू, अजून तयारी व्हायचीय.” तयारी खरीच चालली होती. लाकडाच्या फळ्यांचे लांबच लांब ओटे त्यानं एकावर एक रचले, म्हणजे पळायला जागा राहील. शेकोट्या पेटवल्या, त्यांच्या उबेनं जीव लवकर भरून येतो. मशालींवर पेटवलेले बाण करून ठेवले. जमिनीखालून लाल स्फटिक शोधून आणले, एकेका स्फटिकानं २० जीव वाढतो. असा तो २००पर्यंत पोचला. तिसऱ्या गुरुवारी मला दिसलं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी हा रोज एखादी फळी वाढवतोय.

या खेळाचा आणखी एक नियम आहे. आपला जीव २००पर्यंत गेला, अंगावर बऱ्यापैकी चिलखत आलं आणि गावात दोन-चार माणसं राहायला आली, की तो मोठा डोळा कुठल्याही रात्री आपणहून येऊ शकतो. शक्यता तीनात एक. म्हणजे आवतण दिलं नाही म्हणून तो यायचा थांबत नाही. फक्त वेळ आणि जागा मग त्याची असते.

तसंच झालं. पोरगा घरापासून लांब लाकडं तोडत होता. अंधार पडला आणि पडद्यावर ओळ उमटली, की कुणाची तरी वाईट नजर तुझ्यावर आहे. हातात कुऱ्हाड, बाण पेटीत, ओटे अन् शेकोट्या पार दुसऱ्या टोकाला. दोन मिनिटांत खेळ आटोपला.

त्याची आई तेव्हा वहीत हप्त्यांची बेरीज करत होती. तिनं मान वर करून विचारलं, “तो बनवलेला डोळा वापरला का नाहीस?” तो हळूच म्हणाला, “भीती वाटत होती.” ती काही बोलली नाही. बाकीच्या गेल्यावर चपला घालता घालता मला म्हणाली, “ताई, माझंही पिशवीत तसंच पडून आहे.”

पिशवी मला माहीत होती. नवरा गेल्यानंतर जमिनीवर वारस नोंद करायची राहिली होती. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशनकार्डाची प्रत, सगळे कागद आम्ही दोघींनी मिळून जमवले होते. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्श्याला बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, असे सगळे वारस लागतात. हे तिला पाठ होतं. अडलं होतं ते एवढंच, की दिरापुढे विषय कसा काढायचा. “भाऊजीच कधीतरी बोलतील,” असं म्हणत दोन वर्षं गेली होती.

पुढच्या गुरुवारी मुलानं घड्याळाकडे बघून, रात्र सुरू होताच डोळा वापरला. पहिल्यांदा त्या बॉसनं लहान लहान डोळे अंगावर सोडले. अर्धा जीव गेल्यावर त्यानं रूप पालटलं. बुबुळाच्या जागी दातांनी भरलेलं तोंड आलं आणि वेग वाढला. पोरगा ओट्यांवरून धावत, वळून बाण मारत राहिला. आम्ही सगळ्या बायका वह्या मिटून उभ्या! उजाडायच्या आत तो डोळा पडला. पोराचा जीव तेव्हा इतका थोडा उरला होता, की आणखी एक धडक त्याला सोसली नसती.

आणि त्याच्या आईनं? तिनं वार ठरवला, वेळ सकाळची ठरवली आणि सासूबाई घरात असताना दिराला सांगितलं, “भाऊजी, मी वारस नोंदीचा अर्ज देणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले.” आवाज चढला, जुनं-पानं निघालं. पण कागद हातात होते, सासूबाई ऐकत होत्या आणि ही उठून गेली नाही. अर्ज गेला, नोटीस निघाली, नोंद झाली. दिराशी बोलणं अजून जेवढ्यास तेवढंच आहे. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण सातबाऱ्यावर तिचं आणि पोरांचं नाव आहे.

मुलांनी तासन्‌तास खेळावं असं मी सुचवत नाहीये. अमेरिकेत या खेळाला १३ वर्षांपुढच्या मुलांसाठी असं मानांकन आहे, लढाया आहेत, थोडं रक्त आहे. वेळ बांधून द्यावी आणि अनोळखी माणसांशी जोडून खेळू देऊ नये, हे खरंच. पण ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, “कुणाला बोलावणार आहेस? काय काय जमवलंस?” मूल काय सांगतं ते ऐका. तयारी कुठे संपते आणि टाळाटाळ कुठे सुरू होते, हे त्यातून त्याचं त्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

एक सांगायचं राहिलं. तो मोठा डोळा पडल्यावर आणि एक खोली रिकामी असली तर गावात ‘ड्रायड’ नावाची वनदेवीसारखी बाई राहायला येते. ती सडलेली जमीन शुद्ध करायची पूड विकते आणि तुझ्या जगाचा किती भाग बिघडलाय हे विचारल्यावर स्पष्ट सांगते. बॉसला हरवल्याशिवाय ती येत नाही. त्या मुलानं तिच्यासाठी खोली आधीच बांधून ठेवली होती, दार, दिवा, टेबल, खुर्ची सगळं मांडून.