मांडव्यात राहायचं तर…

गेटवेहून लाँच किंवा कॅटामरानने पाऊण ते एक तास. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. पावसाळ्यात मात्र ही सेवा बंद. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (मार्च २०२०पासून), तीही दर्या शांत असेल तर. नाहीतर पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटरचा फेरा. घर घेणाऱ्यांनी जून ते ऑगस्टचा हिशेब आधी करावा, समुद्र दिसणाऱ्या खिडकीचा नंतर.

हवा: मे महिन्यात पारा ३२-३३ अंशांच्या आसपास, पण घामाने जीव नकोसा होतो. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबाग तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. माड पुन्हा धरायला वर्षं लागतात. डिसेंबर-जानेवारी मात्र अगदी सुखाचे.

भटकंती: पोहायला मांडव्यापेक्षा किहीम बरं. सलीम अलींनी १९३०मध्ये सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं ते याच किहीमला. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. वेळ काढायची जुनी युक्ती: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. अंदाज ठीक, तरी निघण्यापूर्वी स्थानिकांना विचारावंच.

जिल्हा रुग्णालय अलिबागला, सुमारे वीस किलोमीटरवर. शनिवार-रविवारी हे अंतर गाड्यांच्या रांगेत मोजावं लागतं. उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे.