मॉरिशसचे जेवण आणि ज्येष्ठांचे पथ्य

परदेशी सहलीत घरातील तरुण मंडळी 'तिथले खास काही' चाखायला बाहेर पडतात आणि ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा हॉटेलातील उकडलेल्या भाज्या, पावाचे दोन तुकडे आणि घरून नेलेले मेतकूट येते. हेतू काळजीचाच असतो. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कवळी आहे. मग बाहेरचे कशाला, असे म्हटले जाते. परंतु सहल मॉरिशसची असेल, तर या निर्णयाचा आपण फेरविचार करावा. त्या बेटावरील सामान्य माणसाचे रोजचे अन्न आपल्या ज्येष्ठांना हॉटेलातील बुफेपेक्षा कितीतरी अधिक ओळखीचे वाटेल. कोठे, केव्हा आणि किती खावे, एवढे मात्र जाणून घ्यायला हवे.

या ओळखीमागे इतिहास आहे. 1834 पासून पुढे जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यांतील बहुतेकांना उसाच्या मळ्यांवर राबावे लागले. पोर्ट लुई बंदरातील त्यांच्या उतरण्याची जागा, 'आप्रवासी घाट', आज जागतिक वारसास्थळ आहे. या मजुरांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. गणेशचतुर्थीला तेथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. या लोकांच्या चुली आफ्रिकी, फ्रेंच आणि चिनी चुलींच्या शेजारी पेटल्या आणि त्यातून आजचे मॉरिशसचे जेवण घडले.

तव्यावरची जोडी

सुरुवात धोल पुरीने करावी. नाव पुरीचे असले तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. मैद्याच्या पातळ पोळीत शिजवून वाटलेल्या पिवळ्या डाळीचे सारण असते. गूळ न घातलेली पुरणपोळी म्हटले, तर आपल्या आजींना चटकन उमगेल. दोन पुऱ्यांची जोडी, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची रस्सा उसळ, टोमॅटोचे 'रुगाय' आणि लोणचे घालून कागदात गुंडाळून देतात. ती मऊ असल्याने कवळी वापरणाऱ्यांनाही चावता येते. एका जोडीने हलका नाश्ता होतो.

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात आणि रोझ हिलसारख्या गावांत धोल पुरीच्या गाड्या सकाळपासून लागतात. गर्दी असलेली आणि डोळ्यांसमोर तव्यावरून उतरवून देणारी गाडी निवडावी. दुपारनंतर माल संपत येतो, म्हणून सकाळीच जाणे हिताचे. उभ्याने खाणे गुडघ्यांना झेपत नसेल, तर पुडी घेऊन बाजारापासून जवळच असलेल्या कंपनी बागेत जावे. तेथे जुन्या वडांची सावली आहे आणि बसायला बाकही आहेत.

बाजारातील ओळखीची मंडळी

खरेदी करायची नसली, तरी ज्येष्ठांना भाजीबाजारात अवश्य न्यावे. सोमवारी माहेबुर्गचा, तर बुधवारी आणि रविवारी फ्लाकचा बाजार भरतो. तेथे 'लालो' म्हणजे भेंडी, 'ब्रेंझेल' म्हणजे वांगे, 'मार्गोझ' म्हणजे कारले आणि 'पिपंगाय' म्हणजे दोडका! 'ब्रेद मुरुम' नावाने जुड्या बांधून ठेवलेला पाला शेवग्याचा असतो. नातवंडांना हे सारे नवे असते. ते ओळखून दाखवण्याचा मान आजी-आजोबांचा. प्रवासात सतत कोणाच्या तरी आधाराने चालणाऱ्या माणसाला घटकाभर वाटाड्या होता येते, याचे मोल औषधाहून कमी नाही.

या पाल्याचे 'बुयों', म्हणजे पातळ कढण, भाताबरोबर घेतात. सोबत मसुराची आमटी, रुगाय आणि चटणी. मॉरिशसच्या घरांतील हे साधे जेवण गाड्यांवर क्वचितच मिळते. त्यासाठी 'ताब्ल दोत' शोधावे. ताब्ल दोत म्हणजे यजमानांच्या घरी, आगाऊ सांगून घ्यायचे जेवण. शामारेलच्या डोंगराळ भागात अशी घरे आहेत. येथे खुर्चीवर निवांत बसता येते, स्वच्छतागृह जवळ असते आणि मीठ-तिखट कमी घालण्याची विनंती आदल्या दिवशीच करता येते. रस्ता वळणांचा असल्याने ज्यांना गाडी लागते त्यांनी तयारीने जावे.

मोहाच्या जागा

स्थानिक अन्न म्हणजे सारेच पथ्याचे, असा समज मात्र करून घेऊ नये. मॉरिशसमध्ये सुमारे दर पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. 'अलूदा' हे दूध, सब्जा आणि पाकाचे गार पेय आपल्या फालुद्याचेच भावंड आहे. मधुमेहींनी ते दुसऱ्याच्या पेल्यातून दोन घोट चाखावे. 'गातो पिमा' हे डाळीचे छोटे वडे तळलेले असतात; एक-दोन पुरेत. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सोया सॉसमधील परतलेल्या नूडल्स, खारवलेली मासळी आणि लोणची बेताने घ्यावीत. कापून ठेवलेली फळे आणि उघड्यावरच्या चटण्या टाळाव्यात. अननस घ्यायचा, तर समोर सोलून घ्यावा आणि वरचे तिखट-मीठ नाकारावे. पाणी सीलबंद बाटलीचेच प्यावे.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

तेथील क्रेओल भाषेतील तीन शब्दजोड्या पाठ कराव्यात : 'सां पिमा' म्हणजे तिखट नको, 'सां दिसिक' म्हणजे साखर नको आणि 'सां दिसेल' म्हणजे मीठ नको. शाकाहारींनी मांस आणि मासळी दोन्ही नको, हे स्पष्टपणे सांगावे.

घड्याळ आणि गोळ्या

मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते. तेथे सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून वेळांचा तक्ता करून घ्यावा. बाहेर खाताना जेवण लांबले, तर साखर अचानक उतरण्याचा धोका असतो. म्हणून 'गाडीवर पोहोचल्यावर पाहू' असे न म्हणता खिशात बिस्किटे आणि ग्लुकोज ठेवावे, आणि अन्न समोर आल्यावरच इन्सुलिन घ्यावे की कसे, हेही विचारून ठेवावे. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी बाळगावी. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक औषधांबाबत तेथील नियम कडक आहेत. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी 114 हा क्रमांक आहे.

मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा आणि सौम्य हवेचा काळ ज्येष्ठांना अधिक मानवतो. रविवारी मोंत श्वाझीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत स्थानिक कुटुंबे घरून पातेली भरून आणतात आणि दिवसभर एकत्र जेवतात. त्यांच्या त्या पंगतीत आजी-आजोबांची खुर्ची मध्यभागी असते. आपल्या सहलीचा बेत आखताना खाण्याच्या ठिकाणांची यादी कराल, तेव्हा ती ज्येष्ठांना समोर बसवून करावी. त्यांना काय सोसेल हे डॉक्टर सांगतील. काय आवडेल हे मात्र त्यांनाच विचारायला हवे.