कटिंगचंही कटिंग!

हात थरथरतो म्हणून आपण कप दोन्ही हातांनी धरतो, सही टाळतो, हात खिशात घालतो. डॉक्टरकडे मात्र जात नाही. असं का?

संध्याकाळी सहाच्या सुमारास ऐरोलीच्या माइंडस्पेसबाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही उभे असाल, तर मी तुम्हाला नक्की दिसले असेन. 'दादा, एक कटिंग, पण अर्धंच भरा,' असं सांगणारी. कटिंग म्हणजे आधीच अर्धा चहा, आणि मला त्याच्याही अर्धा हवा! 'मॅडम, पैसे पूर्ण लागतील हां,' असं चहावाला दर वेळी हसत सांगतो. लागू देत. काठोकाठ भरलेला ग्लास ओठांपर्यंत नेताना चहा माझ्या बोटांवर सांडलाय, कुर्त्यावर सांडलाय आणि एकदा तर ज्याची मुलाखत घ्यायला गेले होते, त्या बिचाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावरही.

सुरुवात झाली तीन वर्षांपूर्वी, आयलायनरपासून. डोळ्याच्या कडेवर रेघ सरळ येईना. म्हटलं, जाऊ दे, काजळावर भागवू. मग नोट्स घेताना अक्षर बिघडायला लागलं. मी डायरी सोडून मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला लागले आणि सगळ्यांना सांगितलं, 'सोपं पडतं.' मित्रमंडळींना थरथर दिसली की ठरलेला जोक, 'काय गं, काल जास्त झाली का?' मीही हसायचे. त्यापेक्षा सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हसू थांबलं ते बँकेत. केवायसीचा फॉर्म होता. 'सही जुळत नाही, मॅडम. परत करा.' परत केली. तिसऱ्यांदा केली. काउंटरवरचा माणूस माझ्या हाताकडे टक लावून बघतोय, मागे रांग खोळंबलीय आणि प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा वाकडी. पाचव्या सहीनंतर मी फॉर्म उचलला आणि बाहेर येऊन रिक्षात बसून रडले. सत्तावीस वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, हे सांगणार कोणाला?

मग डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांनी व्हिटॅमिन्स दिली आणि 'स्ट्रेस आहे, लग्न झालं की जाईल' असा बोनस सल्लाही. (हा सल्ला कोणत्या पुस्तकात छापलाय, ते मला एकदा बघायचंय.) दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढला. शेजारच्या काकूंनी कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं. गंमत म्हणजे काकू अगदीच चुकीच्या नव्हत्या. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात लेव्होडोपा असतं आणि पार्किन्सन्सवरचं मुख्य औषधही तेच. पण मला पार्किन्सन्स होता का? हा प्रश्न मी रात्री दोन वाजता स्वतःला विचारायचे आणि उत्तराच्या भीतीने पुढची अपॉइंटमेंट ढकलायचे. अशी दीड वर्षं घालवली. खरं सांगते, हाताच्या थरथरीपेक्षा ही दीड वर्षं जास्त वाईट होती.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. वाटलं होतं, गेल्या गेल्या एमआरआयच्या बोगद्यात घालतील. त्यांनी माझ्यासमोर ठेवले दोन ग्लास. एकात पाणी, एक रिकामा. 'ओता.' ओतलं, निम्मं टेबलावर! मग हात मांडीवर सैल सोडायला सांगितले आणि ते नुसते बघत बसले. हात शांत. मग दोन्ही हात पुढे ताठ धरायला लावले. थरथर सुरू. नाकाला बोट, त्यांच्या बोटाला बोट. मनगट फिरवून बघितलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं. शेवटी कागदावर मधूनबाहेर फिरत जाणारी गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला लावली. माझी रेघ म्हणजे पावसाळ्यातला सायन-पनवेल हायवे!

तरीही डॉक्टर निवांत होते. कारण हात कधी थरथरतो, हाच मोठा पुरावा असतो, असं त्यांनी समजावलं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने 1817 मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यातला कंप बहुतेकदा हात विसावलेला असताना दिसतो. तो एका बाजूने सुरू होतो आणि सोबत हालचाली मंदावतात, अंग ताठरतं. माझा हात विसावलेला असताना शांत आणि कामाला लागला की थरथरणारा, तोही दोन्हीकडे. याला म्हणतात इसेन्शियल ट्रेमर. लहान मेंदू आणि थॅलॅमस यांच्यातल्या सर्किटची ही गडबड आहे. हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही, विशीतही सुरू होतो आणि हळूहळू वाढू शकतो. टेन्शनमध्ये थरथर वाढते, म्हणून 'स्ट्रेस आहे' हे निदान अर्धं खरं वाटतं. पण स्ट्रेस थरथरीला फक्त हवा देतो. बँकेतल्या त्या पाच सह्यांचं कोडं मला तिथे उलगडलं.

तरी ब्लड टेस्ट झाल्याच. थायरॉइड वाढलेलं असेल तर हात थरथरतो. दम्याचं सालब्युटामोल, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं लिथियम यांनीही थरथरतो. दिवसाला आठ कॉफ्या पिणाऱ्यांनो, तुम्हीही या यादीत आहात! आणि तरुण पेशंटमध्ये शरीरातलं तांबंही तपासतात. विल्सन्स डिसीजमध्ये ते लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठत जातं. दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततं, वेळेत सापडलं तर औषधांनी आवरतं. मी वाया घालवलेल्या दीड वर्षाचा हिशोब मला या एका टेस्टच्या वेळी कळला. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी काय केलं, आठवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला.

'घरात आणखी कोणाला असं आहे?' डॉक्टरांनी विचारलं होतं. मी ठामपणे 'नाही' म्हणाले होते.

त्या रात्री कोपरखैरण्याला घरी जेवायला बसलो आणि मी पहिल्यांदाच बाबांच्या हाताकडे नीट पाहिलं. आमटी चमच्याने नाही, वाटी तोंडाला लावून. चहा कायम बशीतून, आणि बशी टेबलावर ठेवून, खाली वाकून. लग्नात पंगतीला वाढायला कधी पुढे नाहीत. घरातला प्रत्येक फॉर्म आईने भरलेला. माझे बाबा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये दिवाणजी होते. मोत्यासारखं अक्षर! बावन्नाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली तेव्हा 'डोळे साथ देत नाहीत' असं सांगितलं होतं. आम्ही चष्मासुद्धा बदलून आणला होता.

'बाबा, डोळे नव्हते ना?'

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'शेठ एकदा म्हणाला, दिवाणजी, सकाळी सकाळी घेता का? त्याला काय सांगणार गं? आणि तुझ्या आजोबांचाही हात असाच होता. वय झालं की होतंच.'

बावन्न म्हणजे वय झालं? हा प्रकार बऱ्याचदा घराण्यात चालतो. तशा घरात आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता साधारण निम्मी. आमच्या घरात थरथर तीन पिढ्या चालत आली आणि सोबत तिला लपवायच्या युक्त्याही.

आता औषधाचं. मला प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. सर जेम्स ब्लॅक यांनी हृदयरोगासाठी शोधलेली गोळी. औषधांवरच्या कामासाठी त्यांना 1988 चं नोबेल मिळालं, त्यात हिचाही वाटा. दमा असेल तर ती चालत नाही, नाडी मंदावते, आणि मनाने अचानक बंद करायची नाही, त्यामुळे मैत्रिणीकडून उसनी घेण्याचा प्रकार नको. थोडी दारू प्यायली की थरथर तात्पुरती कमी होते, हेही खरंच. आणि सापळा तोच आहे. उतरली की थरथर परत येते, आणि मग पुढचा पेग 'औषध' म्हणून! गोळ्यांनी भागलंच नाही, तर मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया असते. कवटी न उघडता अल्ट्रासाउंडने करायच्या उपचाराला अमेरिकेत 2016 मध्ये परवानगी मिळाली. माझी गाडी तिथवर जायची नाही, अशी आशा आहे. खासगी फी परवडत नसेल, तर केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत. कुर्ल्याला गाडी बदलायची आणि रांगेची मानसिक तयारी ठेवायची.

आणि कप? पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या पार्किन्सन्स असलेल्या काकांसाठी एक कप बनवला. त्याची वरची कड आत वळलेली, म्हणजे हात हलला तरी चहा आतच परततो. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. त्यावर पेशंटचा शिक्का नाही, कोणीही धांदरट माणूस तो वापरू शकतो.

माझी थरथर पूर्ण गेलेली नाही. आयलायनर निम्म्या वेळा जमतो. बँकेत मी आता आधीच सांगते, 'हाताला ट्रेमर आहे, थोडा वेळ द्या,' आणि आश्चर्य म्हणजे देतात. बाबांची अपॉइंटमेंट येत्या गुरुवारी आहे. यायला तयार झालेत, पण दोन अटींवर. सोसायटीत कोणाला कळता कामा नये आणि या लेखात त्यांचं नाव छापायचं नाही. दुसरी अट मी पाळलीय.