यादीतला पहिला क्रमांक कोणाचा?

गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित, म्हणून माणसाला निवड करावी लागते, हे वाक्य अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच तासाला सांगितले जाते. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतात. परंतु या साध्या वाक्याचा प्रत्यय आज एका अनपेक्षित क्षेत्रात येऊ लागला आहे. ते क्षेत्र म्हणजे सॉफ्टवेअरची निर्मिती. पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंद, सातबाऱ्याचा उतारा, पगारपत्रके, परीक्षांचे निकाल ही सारी कामे आता संगणकावर होतात. ती कशी व्हावीत हे ठरविणारी एक यादी दर वेळी आधी तयार झालेली असते. या प्रणालीने काय काय केले पाहिजे, याची ती यादी. धंद्यातील मंडळी तिला ‘रिक्वायरमेंट्स’ म्हणतात. आपण तिला अपेक्षांची यादी म्हणू.

ही यादी सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीस कधी पडत नाही. तथापि, तिच्यात काय लिहिले गेले आणि काय राहून गेले, यावर त्याचा अर्ज स्वीकारला जाणार की परत येणार हे ठरते. आयबीएम कंपनीत एका प्रचंड संगणकप्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले होते की, सॉफ्टवेअर बांधण्यातील सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय बांधायचे हे ठरविणे. त्यानंतर जवळजवळ चार दशके लोटली. यंत्रे सहस्रपटींनी वेगवान झाली, पण ही अडचण होती तेथेच आहे.

आता या कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाऊ लागले आहे. शंभर-दोनशे अपेक्षांची यादी यंत्रापुढे ठेवावयाची आणि तिच्यातील दोष कोणते व अग्रक्रम कोणाला द्यावा, असे त्याला विचारावयाचे, ही पद्धत मोठ्या कंपन्यांत आणि आता महाविद्यालयांतल्या प्रकल्पांतही रूढ होत आहे. ती इष्ट की अनिष्ट, असा सरधोपट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. यातील कोणते काम यंत्राचे आणि कोणते माणसाचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास आपला धाराशिव जिल्हा पुरेसा आहे.

गेल्या वर्षी आमच्या काही विद्यार्थ्यांनी तुळजापूर तालुक्यातील एका गावासाठी पाण्याच्या टँकरच्या खेपांची नोंद ठेवणारी छोटी प्रणाली करावयास घेतली. सरपंच, ग्रामसेवक, टँकरचालक, गावातील स्त्रिया आणि तहसिलातील एक कारकून यांच्याशी बोलून त्यांनी तेवीस अपेक्षा लिहून काढल्या. ही यादी त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीस वाचावयास दिली. तिने पहिल्या काही मिनिटांत जे काम केले ते खरोखर प्रशंसनीय होते. एका ठिकाणी खेप पोहोचताच तिची नोंद व्हावी असे लिहिले होते आणि दुसऱ्या ठिकाणी मंजुरी मिळाल्यावरच नोंद व्हावी असे; हा विरोध तिने अचूक दाखवून दिला. ‘तक्रारीची दखल लवकर घ्यावी’ या वाक्यातील ‘लवकर’ म्हणजे किती तास, असा प्रश्न तिने विचारला. टँकर आलाच नाही तर ती गोष्ट कोण व कोठे नोंदविणार, हे यादीत कोठेच नाही, हेही तिच्या ध्यानात आले. चार विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांच्या नजरेतून या तिन्ही गोष्टी निसटल्या होत्या.

मग यंत्राला क्रम लावण्यास सांगितले. तेवीस अपेक्षांची एकमेकींशी तुलना करावयाची तर दोनशे त्रेपन्न जोड्या होतात. माणूस पन्नासाव्या जोडीपाशीच कंटाळतो. यंत्र कंटाळले नाही. त्याने सुबक कोष्टक करून दिले आणि प्रत्येक क्रमांकापुढे कारणही लिहिले. कार्यालयासाठी साप्ताहिक अहवाल दुसऱ्या क्रमांकावर होता. मोबाईलचे नेटवर्क नसतानाही नोंद करता यावी, ही अपेक्षा एकोणिसाव्या क्रमांकावर होती. शिवाय ‘गावात खेप पोहोचल्याची नोंद’ आणि ‘वस्तीवर खेप पोहोचल्याची नोंद’ या दोन अपेक्षा म्हणजे पुनरुक्ती आहे, सबब त्या एकत्र कराव्यात, असा सल्लाही यंत्राने दिला.

आपल्या भागात वावरलेल्या माणसाला हा सल्ला वाचून हसू येईल आणि पाठोपाठ धास्तीही वाटेल. गाव आणि वस्ती यांच्यात दीड-दोन मैलांचे अंतर असू शकते. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि तांड्यावरच्या बायकांना घागरी घेऊन तेथवर यावे लागते. पाणी ‘पोहोचले’ असा शेरा कागदावर पडतो. तो गावापुरता खरा असतो आणि तांड्यापुरता खोटा. दोन्ही नोंदी एक केल्या की हा फरक कायमचा पुसला जातो. नेटवर्कची अपेक्षा तळाशी का गेली, याचेही कारण साधे होते. अहवालाची मागणी पाच जणांनी पाच प्रकारे केली होती. नेटवर्कची गोष्ट एकट्या टँकरचालकाने काढली होती, तीही जाता जाता. “सर, रेंज नसंल तर खेप लिहायची कुठं?” एवढेच तो म्हणाला होता. ज्याने वारंवार आणि व्यवस्थित भाषेत मागितले त्याला यंत्राने वरचा क्रमांक दिला. लिहिलेल्या शब्दांखेरीज त्याच्याजवळ दुसरा आधारच नव्हता.

विद्यार्थ्यांनी वस्तुस्थिती सांगताच यंत्राने क्षमा मागून क्रम बदलला. त्यांनी गंमत म्हणून उलट बाजू मांडली, तेव्हा तितक्याच नम्रपणे पुन्हा बदलला. या प्रसंगातून मी जो निष्कर्ष काढला तो असा: यादीतील विसंगती शोधणे हे वाचनाचे काम आहे आणि ते यंत्र उत्तम करते. क्रम लावणे मात्र वाटपाचे काम आहे. एका अपेक्षेला वर नेणे म्हणजे कोणाचे तरी श्रम वाचविणे आणि दुसरीला खाली ढकलणे म्हणजे कोणाच्या तरी माथी श्रम मारणे. वाटपाचा निर्णय ज्याला त्याचा जाब विचारता येतो अशानेच घ्यावयाचा असतो. यंत्राला जाब विचारता येत नाही.

हे सारे किरकोळ आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने २०२० चा खरीप आठवावा. त्या ऑक्टोबरमध्ये या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, अतिवृष्टीने सोयाबीनच्या गंजी पाण्यात गेल्या. पीकविमा योजनेतील अटीनुसार नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक होते. शेतात पाणी, रस्ते बंद आणि सूचना द्यावयाची ती मोबाईलवरील ॲपवर, दूरध्वनीवर किंवा कचेरीत जाऊन. मुदतीत सूचना न आल्याचे कारण पुढे करून भरपाई नाकारली गेली आणि सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, तोपर्यंत दीड वर्ष उलटले होते. आणि वाद त्यानंतरही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. ‘सूचना ७२ तासांच्या आत द्यावी’ हे वाक्य अपेक्षांच्या यादीत घालून आजच्या कोणत्याही यंत्रापुढे ठेवले, तर ते त्याला उत्तम गुण देईल. वाक्य स्पष्ट आहे, संदिग्धता नाही, मोजता येते, तपासता येते. आमच्या यादीतल्या ‘लवकर’ या शब्दापेक्षा ते शतपटीने चांगले आहे. दोष भाषेत नव्हता. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला हे जमेल काय, हा प्रश्न विचारला गेला नव्हता, आणि तो प्रश्न यादीच्या बाहेरचा होता. सुबक लिहिलेली अपेक्षा न्याय्य असतेच असे नाही.

कर्जमाफीच्या दोन योजनांची तुलनाही याच दृष्टीने उद्बोधक आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याने स्वतः ऑनलाईन अर्ज भरावयाचा होता. केंद्रांपुढे रांगा लागल्या, अर्जांतील आणि बँकांकडील माहिती जुळेना, आणि त्या वर्षी दिवाळीत प्रमाणपत्रांचे वाटप झाल्यानंतरही याद्यांची छाननी करीत बसावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांनी द्यावयाची आणि शेतकऱ्याने यादीत नाव आल्यावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने ओळख पटवून द्यावयाची, असे ठरले. दोन्हीकडे संगणक होता, दोन्हीकडे आधार होते. बदलली ती एकच अपेक्षा: माहिती भरण्याचे श्रम कोणी करावयाचे. दुसऱ्या योजनेतही अडचणी आल्याच. परंतु ज्याच्याजवळ साधने अधिक त्याने भार अधिक उचलावा, हा निर्णय माणसांनी घेतला होता, आणि तो पहिल्या अनुभवाने शहाणे होऊन घेतला होता.

कोणी म्हणेल, सर्व संबंधितांची मते यंत्राला द्या, म्हणजे ते निःपक्षपाती क्रम काढून देईल. अर्थशास्त्राचा अभ्यासक या आशेत सहभागी होऊ शकत नाही. केनेथ ॲरो यांनी १९५१ साली गणिताने दाखवून दिले की, तीन किंवा अधिक पर्याय असतील तेव्हा व्यक्तिव्यक्तींच्या पसंतीक्रमांतून समाजाचा एक क्रम काढण्याची, आणि तसे करताना काही अगदी वाजवी अटी एकाच वेळी पाळण्याची, कोणतीही पद्धत असू शकत नाही. कोठे ना कोठे तडजोड करावी लागते. ती माणसाने केली तर दिसते, तिच्यावर वाद घालता येतो. यंत्राने केली तर ती कोष्टकाच्या रकान्यात लपून राहते आणि आकड्यांच्या तेजाने आपले डोळे दिपतात.

अग्रक्रम माणसांनी उघडपणे ठरविल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. जो काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, अन्यथा भत्ता द्यावयाचा, ही त्यातील पहिली अपेक्षा. हजेरीपट, मोजमापे, अहवाल हे सारे त्यानंतरचे. योजनेत दोष शिरले, भ्रष्टाचारही झाला. पण पहिला क्रमांक मजुराचा आहे याविषयी कायद्यात संदिग्धता नव्हती, म्हणून त्या दोषांविरुद्ध लढता आले.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, सार्वजनिक उपयोगाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या यादीत प्रत्येक अपेक्षेपुढे दोन रकाने असावेत: ही कोणी मागितली आणि हिचे श्रम कोणावर पडणार. हे रकाने भरले की अन्याय आपोआप उघडा पडू लागतो. दुसरी, यंत्राला एकच क्रम मागू नये. कार्यालयाच्या सोयीने एक, खर्चाच्या दृष्टीने एक आणि शेवटच्या वस्तीवरील माणसाच्या दृष्टीने एक, असे तीन क्रम मागावेत व ते शेजारी शेजारी ठेवावेत. ज्या अपेक्षांची जागा तिन्हींत निराळी येते तेथेच खरा वाद आहे, आणि तो दाखवून देणे हा यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग होय. तिसरी, अंतिम क्रम मराठीत जाहीर व्हावा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या धोरणांची वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनावर घालते. आज धोरण जर सॉफ्टवेअरच्या यादीत उतरत असेल, तर ती यादीही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे.

यात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा वाटा मोठा आहे. अर्ज कोठे अडतो, कोणता रकाना लोकांना समजत नाही, हे कचेरीतील कारकुनाला ठाऊक असते. पण यादी करताना त्याला सहसा कोणी विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यंत्राकडून काम कसे करून घ्यावे हे येते. परंतु टँकरमागे चालत जाऊन पाहण्याची सवय आम्हा शिक्षकांनी त्यांना लावलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी अखेरीस ती यादी पुन्हा लिहिली. गाव आणि वस्ती यांच्या नोंदी वेगळ्या राहिल्या, आणि नेटवर्कविना नोंद हा विषय पहिल्या क्रमांकावर आला. साप्ताहिक अहवाल सहाव्या क्रमांकावर गेला, म्हणून ग्रामसेवक थोडे नाराज झाले. त्यांची नाराजी रास्त होती, आणि त्यांना तिचे कारण समोरासमोर बसून सांगावे लागले. ते सांगण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी यंत्रावर टाकली नाही, याचे मला अधिक समाधान वाटते.