बोरघाटात आपण डावीकडून का चालतो?

१८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. पाचच वर्षांनी, १८३५ मध्ये, ब्रिटनने कायदा करून वाहनांना डावी बाजू ठरवून दिली. ब्रिटिश राज्यात तीच रीत आपल्याकडे रुजली. लोणावळ्याच्या फलाटावर उभं राहून पाहा: दुहेरी मार्गावर रेल्वेही सहसा डावीकडूनच धावते.

उजव्या हातात तलवार धरता यावी म्हणून डावीकडून जाणाऱ्या घोडेस्वारांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मला मात्र शेजाऱ्यांचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचा सुंदर दाखला आपल्या गोव्यात आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये बाजू बदलून उजवी केली, पण पोर्तुगीज गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता ना! पोर्तुगीज मोझांबिकमध्येही तसंच झालं. उलट स्वीडनचे शेजारी उजवीकडून चालवत. शेवटी ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश एकदम उजवीकडे गेला.

आपलं स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून ओव्हरटेक करताना चालकाला समोरून येणारी गाडी आधी दिसते. डावीकडून घुसलात तर तो फायदाच जातो. एक्स्प्रेसवेवर जड वाहनांनी डावी लेन धरायची, ती ओव्हरटेकसाठी उजवी बाजू मोकळी राहावी म्हणून.

आणि अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे. पावसाळ्यात लोणावळ्याला येणाऱ्यांनो, तेवढं नक्की पाळा.