रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड खरी

"ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, म्हणजे एफएमएफ असलेल्यांच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. हा आनुवंशिक दाहविकार तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू लोकांत जास्त, आपल्याकडे विरळा. एक ते तीन दिवस ताप येतो, पोट, छाती किंवा सांधे दुखतात आणि मग सगळं शांत होतं. पण काहींना त्या शांत दिवसांतही उभं राहिलं की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर उत्तर मिळतं, मनाचे खेळ!

अहो, आडवं झोपवून काढलेल्या ईसीजीत उभं राहिल्यावरचा त्रास दिसेल कसा? पाच मिनिटं स्वस्थ पडून नाडी मोजा. मग कुणाला तरी शेजारी ठेवून उभे राहा आणि दहा मिनिटं मोजत राहा. बीपी न पडता ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढले (१२ ते १९ वयात ४०) आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तर 'पॉट्स'ची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार पळण्याच्या विकाराची शंका घ्यावी. वरचं बीपी तीन मिनिटांत २० ने उतरलं, तर दुखणं वेगळं. दोन्हींत स्वायत्त मज्जासंस्था तपासावी लागते.

मात्र सगळं खापर एफएमएफवर फोडणंही चूक. रुग्णांच्या अभ्यासांत काही ठिकाणी या मज्जासंस्थेत बिघाड आढळला, तर काहींत हृदयाच्या ठोक्यांतले चढउतार निरोगी माणसांसारखेच निघाले. शिवाय एफएमएफवरच्या कोल्चिसिन या औषधाने जुलाब होऊ शकतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि नाडी पळते. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी तेच. ही कारणं आधी बघायला हवीत.

'चक्कर येते, मीठ वाढवा' हा सल्ला सरसकट नको. एफएमएफमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साचू शकतं, म्हणून आधी लघवीतलं प्रोटीन तपासा. 'आनुवंशिक म्हणजे आईवडिलांनाही असणारच', हेही खरं नाही. बहुतेक वेळा दोघं नुसते वाहक असतात. आणि बरं वाटलं म्हणून कोल्चिसिन परस्पर बंद करू नका. तापाचे झटके टाळण्यासाठी ते १९७२ पासून वापरात आहे आणि रोज घ्यावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना आडवं असतानाची आणि उभं राहिल्यावरची नाडी, दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या.